पाठ्यपुस्तकाचा वाचक आणि कायदा

7 मे 2021 रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या गव्हर्नरांनी शालेय अध्यापनाविषयीच्या एका विधेयकावर स्वाक्षरी केली. आपल्या वंशामुळे एखाद्या व्यक्तीने अस्वस्थता, अपराधभाव वा मनस्ताप अनुभवावा, अशी संकल्पना अभ्यासक्रमात आणण्यास या कायद्याने मज्जाव केला. इतिहासात काय घडले हे सत्तेने ठरवावे, हा अनुभव परिचित आहे. येथे मात्र इतिहास वाचताना काय वाटावे, याचीही मर्यादा ती आखते. त्यामुळे हा वाद तपशिलांच्या सत्यासत्यतेपुरता उरत नाही. संहिता आणि वाचक यांच्या संबंधाचा, म्हणजे समीक्षेच्याही कक्षेतला प्रश्न तो ठरतो.

याच राज्यात, स्वाक्षरीनंतर साडेतीन आठवड्यांच्या आत, एका घटनेची शताब्दी होती. 31 मे व 1 जून 1921 रोजी टल्सा शहरातील ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची संपन्न वस्ती शस्त्रधारी गोऱ्या जमावाने बेचिराख केली. हजाराहून अधिक घरे भस्मसात झाली. मृतांची संख्या तीनशेपर्यंत असावी, असा अंदाज केला जातो.

या घटनेला दीर्घकाळ ‘दंगल’ म्हटले गेले. हे नामकरण निरुपद्रवी नव्हते. विमापत्रांत दंगलीमुळे झालेल्या नुकसानीचा अपवाद असे. त्या आधारे भरपाईचे दावे नाकारले गेले आणि 1926 साली अशा एका दाव्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीची बाजू उचलून धरली. 2001 साली अहवाल देणाऱ्या राज्य आयोगाच्या नावातही ‘दंगल’ हाच शब्द होता. शताब्दीसाठी नेमलेल्या आयोगाने 2018 मध्ये तो बदलून ‘हत्याकांड’ हा शब्द स्वीकारला. ‘टल्सा ट्रिब्यून’ या दैनिकाच्या 31 मे 1921 च्या अंकाचे चित्रण सूक्ष्मपटावर होण्यापूर्वीच पहिल्या पानावरील चिथावणीखोर बातमी व संपादकीय पानाचा मोठा भाग कोणीतरी फाडून काढला होता. पाठ्यपुस्तकांतील अनेक दशकांच्या मौनाला दप्तरातील ही पोकळी जणू पूरकच ठरली.

कायद्याच्या समर्थकांची भूमिका नीट समजून घेतली पाहिजे. राज्याच्या अधिकृत अभ्यासक्रमातील विषय शिकवण्यास कायदा मनाई करीत नाही. टल्सा त्या अभ्यासक्रमात आहे. पूर्वजांच्या कृत्याचा दोष आजच्या मुलावर येत नाही, हा युक्तिवादही अमान्य करण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो अपराधभाव आणि अस्वस्थता यांना एकाच पंक्तीत बसवण्याला. अपराधभाव हा उत्तरदायित्वाचा दावा आहे. अस्वस्थता ही आकलनाची परिणती असते. कोणत्या वाक्याने कोणता विद्यार्थी अस्वस्थ होईल, याची हमी कोणताही शिक्षक देऊ शकत नाही. परिणामी तो सर्वांत निर्धोक वाक्याकडे वळण्याचा संभव असतो. मराठीच्या आधारे सांगायचे तर ‘घरे जाळली’ याऐवजी ‘घरे जळाली’ असे तो म्हणेल. दुसरे वाक्य असत्य नाही, परंतु त्यात जाळणारा नाही. बंदी न घालताही संहितेतून कर्ता हद्दपार करता येतो, तो असा.

या व्याकरणाला पूर्वेतिहास आहे. 1873 साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो निग्रो दास्याच्या निर्मूलनासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. अवघ्या चार वर्षांनी, 1877 मध्ये, दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या नव्या हक्कांना असलेले केंद्रीय सैन्याचे संरक्षण संपुष्टात आले. त्यानंतर त्या पर्वाचा इतिहास शाळांत कसा शिकवला गेला, याची झडती डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ (1935) या ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात घेतली. मुक्त झालेला कृष्णवर्णीय पाठ्यपुस्तकांत अज्ञानी, आळशी आणि कुशासनाला जबाबदार म्हणून अवतरतो, असे त्यांनी दाखवून दिले. जो अत्याचाराचा विषय होता, तोच दोषाचा कर्ता झाला.

फुल्यांची अर्पणपत्रिका स्तुतीवर थांबत नाही. आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवून शूद्रांना दास्यातून सोडवावे, अशी अपेक्षा ती व्यक्त करते; म्हणजेच वाचकाच्या अस्वस्थतेवर तिची भिस्त आहे. ही अस्वस्थता जेथे संशयास्पद ठरते, त्या वर्गात टल्साचा धडा असेलही. फळ्यावर ‘जाळली’ असे लिहिताना मात्र शिक्षकाचा हात अडखळेल.