पोलादाला पाणी कसे चढते?

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघा सहकाऱ्यांनी रविवारच्या सकाळी लोहारकाम शिकायचे ठरवले. कारण एकच, हौस. तिघांचाही अभ्यासाचा विषय धातू. लोखंड आणि कार्बन यांचा आलेख झोपेतून उठवून काढायला सांगितला तरी काढून देऊ, अशी आमची समजूत. गावाबाहेरच्या रस्त्यावर कोयते, खुरपी, पहारी करणारे एक वयस्क लोहार आम्हाला शिकवायला तयार झाले. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. मामांनी पहिले काम दिले ते छिन्नीचे. "साधी छिन्नी करा साहेब. ती जमली की पुढचं बघू."

ती जमायला आम्हाला दोन महिन्यांचे रविवार लागले आणि त्याआधी तीन छिन्न्या वाया गेल्या. प्रत्येक छिन्नी का बिघडली याचा शोध घेताना एक गोष्ट लक्षात आली. आम्ही जिथे जिथे अडलो, तिथे तिथे आमच्याआधीचे मोठमोठे शास्त्रज्ञही शेकडो वर्षे अडलेले होते. लोहार मात्र अडलेले नव्हते! म्हणून त्या तीन छिन्न्यांच्या निमित्ताने पोलादाचा थोडा इतिहास आपल्यापुढे मांडत आहोत.

पहिली छिन्नी : पाणी चढलेच नाही

गेटाच्या कामातून उरलेली एक जाड सळई आम्ही घेतली. भट्टीत लाल केली, ऐरणीवर ठेवून टोक चपटे केले, पुन्हा लाल करून पाण्यात बुडवली. 'चर्र' असा छान आवाज आला. थंड झाल्यावर कानस लावून पाहिली, तर कानस लोण्यातून जावी तशी चालली. दुसऱ्या लोखंडावर ठोकली तर छिन्नीचीच धार मुडपली. मामा हसले. "यात जीवच नाही. याला पाणी चढत नाही. ट्रकचा पाटा आणा."

सळईत काय कमी होते आणि ट्रकच्या पाट्यात काय जास्त होते? आज दहावीचा विद्यार्थीही सांगेल : कार्बन. साध्या सळईत तो शेकडा ०.२ च्या आसपास असतो, पाट्यात शेकडा ०.५ ते ०.६. फरक एवढासाच. पण हे उत्तर मिळायला किती काळ लागला ते पाहा. नागपूरजवळ नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली आहे. ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची. ग्रीसमध्ये होमरच्या 'ओडिसी'त तापलेले लोखंड थंड पाण्यात बुडवल्यावर होणाऱ्या आवाजाची उपमा आहे, म्हणजे तिथल्या श्रोत्यांनाही ही क्रिया माहीत होती. तरीही पोलाद म्हणजे काय, हे अठराव्या शतकापर्यंत कोणालाच सांगता येत नव्हते. पोलाद म्हणजे आगीत शुद्ध झालेले लोखंड, असाच बऱ्याच विद्वानांचा समज होता.

१७२२ साली फ्रान्समधील रेओम्यूर याने हा समज उलटा केला. पोलाद होताना लोखंडातून काही निघून जात नाही, उलट त्यात काहीतरी शिरते, असे त्याने प्रयोगांवरून सांगितले. आत शिरणारा पदार्थ 'गंधकी आणि क्षारयुक्त' असावा हा त्याचा तर्क मात्र चुकला. पुढे १७८१ साली स्वीडनच्या बर्गमनने साधे लोखंड, पोलाद आणि बीड आम्लात विरघळवून तळाशी राहणारी काळी भुकटी तोलली. ती साध्या लोखंडात सर्वांत कमी, पोलादात त्याहून जास्त आणि बिडात सर्वांत जास्त निघाली. ती भुकटी ग्राफाइटची आहे हे त्याने ओळखले. पण तो फ्लॉजिस्टन सिद्धान्ताचा काळ होता, त्यामुळे अर्थ लावताना तो गोंधळला. शेवटी १७८६ साली वांदरमाँद, बर्तोले आणि माँज या तिघा फ्रेंचांनी स्पष्ट सांगितले की फरक कार्बनचा आहे.

या तिघांनी आणखी एक काम केले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत फ्रान्सला पोलाद मिळेना, तेव्हा १७९३ साली त्यांनी लोखंडकाम करणाऱ्या कारागिरांसाठी पोलाद कसे करावे याची एक पुस्तिका लिहिली. मोठ्या शास्त्रज्ञांनी कारागिरांसाठी लेखणी उचलावी, असे प्रसंग इतिहासात थोडेच आहेत.

दुसरी छिन्नी : जळून गेली

भंगारवाल्याकडून पाट्याचा तुकडा आणला. तो सळईपेक्षा चिवट, घाव बसता बसेना. मग आम्ही भट्टीचा पंखा जोरात सोडला. जितके गरम, तितके मऊ, हा आमचा हिशेब. तुकडा पांढराशुभ्र झाला आणि त्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या. मामा लांबून ओरडले, "जाळलंत!" घण घातला तर टोकाचा चुरा झाला.

ही चूक करणारे आम्ही पहिले नव्हतो, आणि इथे या गोष्टीचा मुंबईशी संबंध येतो. दक्षिण भारतात, विशेषतः आजच्या तेलंगण, कर्नाटक आणि तमिळनाडूच्या भागांत, मुशीत लोखंड आणि लाकूड, पाने वगैरे घालून एक उत्तम पोलाद करीत. इंग्रज त्याला 'वुट्झ' म्हणत. १७९४ च्या सुमारास मुंबईत राहणाऱ्या हेलेनस स्कॉट या डॉक्टराने या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. १७९५ साली त्यावर जॉर्ज पिअर्सनचा निबंध प्रसिद्ध झाला. पण युरोपातल्या लोहारांना हे पोलाद घडवता येईना. ते आपल्या सवयीप्रमाणे पांढरे होईपर्यंत तापवीत आणि हातोडा बसताच त्याचे तुकडे होत.

कारण आमचेच होते. लोखंडात कार्बन जितका जास्त, तितके ते कमी तापमानाला वितळू लागते. वुट्झमध्ये कार्बन शेकडा १ ते २ असे. पांढऱ्या आचेवर त्याचे कण एकमेकांपासून आतल्या आत सुटे होत. ते लाल आचेवरच, धीर धरून, हलक्या घावांनी घडवायचे असते. भारत आणि पश्चिम आशियातील कारागिरांना हे ठाऊक होते. पोलादाच्या पेटीबरोबर ही माहिती मात्र लंडनला गेली नव्हती. वस्तू पाठवता येते, हात पाठवता येत नाही.

वुट्झचा अभ्यास करणाऱ्यांत पुढे मायकेल फॅरडेही आला. त्याचे वडील लोहार होते हे पुष्कळांना माहीत नसते. १८१९ ते १८२२ या काळात त्याने जेम्स स्टोडार्ट या शस्त्रे-उपकरणे बनवणाऱ्या कारागिराबरोबर पोलादावर प्रयोग केले. वुट्झचे गुण त्यातल्या ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनमुळे असावेत, असा त्याचा अंदाज होता. तो चुकला. पण पोलादात निरनिराळे धातू मिसळून काय होते हे पद्धतशीर तपासणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याची गणना होते. फॅरडेसुद्धा चुकू शकतो, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

रंग वाचायला शिकणे

मग तापवायचे तरी किती? मामांचे उत्तर : "पिकल्या चेरीसारखं लाल." आमच्या प्रयोगशाळेत तापमान एका अंशापर्यंत मोजता येते. इथे मोजायला फक्त डोळा. त्यातही भर उन्हात तीच आच काळपट दिसते आणि सावलीत लालभडक. आपल्याकडच्या लोहारशाळा अंधाऱ्या का असतात, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

आम्ही हळूच खिशातून चुंबक काढला. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला चिकटेनासे होते. पाट्याच्या जातीच्या पोलादात ज्या आचेला अंतर्गत रचना बदलते, ती आचही जवळपास तिथेच येते. तापलेल्या लोखंडाला चुंबक ओढत नाही ही नोंद विल्यम गिल्बर्टने १६०० सालच्या आपल्या चुंबकावरील ग्रंथात केली होती. त्याच ग्रंथात ऐरणीवर काम करणाऱ्या लोहाराचे एक चित्र आहे : तापलेली पट्टी उत्तर-दक्षिण धरून ठोकली आणि तशीच थंड होऊ दिली, तर ती स्वतःच चुंबक होते! मामांना चुंबकाचा हा उपयोग ठाऊक नव्हता. त्यांनी दोनदा करून पाहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण मला त्याआधीच दिसतं." खरोखरच, मामा 'आता' म्हणायचे आणि चुंबक सुटायचा.

या 'आता'चे रहस्य रशियात उलगडले. १८६० च्या दशकात तिथल्या ओबुखोव कारखान्यात घडवलेल्या तोफा फुटत होत्या. काही चांगल्या निघत, काही पहिल्याच बारांना फुटत. दिमित्री चेर्नोव या तरुण अभियंत्याकडे हा प्रश्न आला. त्याच्याजवळही एवढ्या आचेचा विश्वासार्ह तापमापक नव्हता. तो घडवणाऱ्यांच्या शेजारी उभा राहून पोलादाचे रंग पाहू लागला. १८६८ साली त्याने निष्कर्ष मांडला : एका ठराविक लाल रंगापर्यंत पोलाद तापले नाही, तर ते कितीही झपाट्याने थंड केले तरी कठीण होणार नाही. पोलादाच्या आत काहीतरी एकदम बदलते, हा आधुनिक धातुशास्त्राचा पाया त्याने उघड्या डोळ्यांनी घातला. ल शातलिएचे तापयुग्म हाताशी आल्यावर फ्रान्सच्या ऑस्मोंने १८८० च्या दशकात ते बदल अंशांमध्ये मोजले.

तिसरी छिन्नी : काचेसारखी तुटली

तिसऱ्या वेळी सगळे नीट जमले. चेरीचा रंग आला, चुंबक सुटला. पाटा पाण्यात टाकला तर चिरण्याची भीती, म्हणून मामांनी जळक्या तेलाचा डबा पुढे केला. (पाणी द्यायचे ते तेलात! पण शब्द 'पाणी'च.) कानस लावली तर घसरून गेली. आम्ही खूश. पहिलाच घाव घातला आणि छिन्नीचे टोक 'टण्' करून उडाले. कोणाच्या डोळ्यात गेले नाही हे नशीब. चष्मा लावल्याशिवाय घाव घालायचा नाही, हा नियम त्या दिवसापासून लागू झाला.

आच ओलांडल्यावर लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि त्या नव्या मांडणीत कार्बनला ऐसपैस जागा मिळते. हळू थंड होऊ दिले तर अणू जुन्या मांडणीत परततात आणि कार्बन बाहेर पडून वेगळा होतो. एकदम थंड केले तर कार्बनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो आत अडकतो, मांडणी ताणली जाते. ही ताणलेली रचना अतिशय कठीण आणि तितकीच ठिसूळ असते. १८९५ साली ऑस्मोंने तिला जर्मन संशोधक मार्टेन्सच्या नावावरून 'मार्टेन्साइट' असे नाव दिले. अणू नेमके कसे ताणले जातात हे १९२० च्या दशकात क्ष-किरणांनी दिसले.

हे कळण्यापूर्वी लोकांनी सारे गुण द्रवाला चिकटवले होते. सहाव्या शतकात वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त तलवारीला पाणी देण्यासाठी रक्त, तूप, निरनिराळ्या प्राण्यांचे दूध असे प्रकार सांगितले आहेत. बाराव्या शतकात युरोपात थिओफिलस नेचे खाल्लेल्या बोकडाचे मूत्र वापरायला सांगतो. हसण्याआधी थोडे थांबावे. द्रवाप्रमाणे थंड होण्याचा वेग बदलतो, हे खरेच आहे; खारे पाणी साध्या पाण्यापेक्षा जलद थंड करते, तेल सावकाश. निरीक्षण खरे होते, कारण चुकले होते.

ठिसूळपणावरचा उपाय मामांनी दाखवला. कठीण झालेली छिन्नी दगडावर घासून चकचकीत केली आणि मागच्या अंगाने हलकेच तापवली. चकचकीत भागावर आधी फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग सरकत धारेकडे आला. पाण्यावरच्या तेलाचा तवंग रंगीत दिसतो, तसेच हे ऑक्साइडच्या पातळ थराचे रंग. पिवळा सुमारे २२० अंशांना, जांभळा सुमारे २८० ला. एवढ्या आचेवर अडकलेला थोडा कार्बन बाहेर पडतो, ताण सैल होतो. धारेवर जांभळा पोचताच मामा म्हणाले, "बुडवा." ही आमची चौथी छिन्नी. ती अजून चालते आहे.

वर्गात काय करता येईल?

चार शिवणाच्या सुया घ्या. एक तशीच ठेवा. बाकीच्या तिन्ही चिमट्यात धरून बर्नरवर लाल करा. दुसरी ज्योतीतून अगदी सावकाश बाहेर काढा; ती तारेसारखी वाकेल. तिसरी आणि चौथी लाल असतानाच, ज्योतीशेजारी ठेवलेल्या पाण्यात टाका. तिसरी वाकवू जाताच तुटेल. चौथी पॉलिश पेपरने घासून निळी होईपर्यंत हलकेच तापवा. तिच्यात पुन्हा लवचिकपणा येईल. डोळ्यांवर चष्मा हवाच आणि सुया कापडात धरून वाकवाव्यात. अडीच हजार वर्षांचा प्रश्न एका तासिकेत ऐरणीवर येईल!

मात्र त्याआधी मुलांना एकदा लोहाराकडे न्या. आपल्याकडे ज्यांच्या हाती घण होता त्यांच्या हाती लेखणी येऊ दिली नाही, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी घण उचलला नाही. त्यामुळे मामांसारख्यांना जे दिसते ते कुठल्याच पुस्तकात उतरले नाही. मामांच्या मुलांपैकी कोणी भट्टीवर बसत नाही. आता रविवारी छिन्नीबरोबर आम्ही वहीही नेतो. मामा रंग सांगतात, आम्ही लिहून घेतो. त्यांनी सांगितलेल्या लाल रंगाच्या अकरा छटा आतापर्यंत नोंदल्या आहेत; त्यांतल्या सहा आम्हाला दिसू लागल्या आहेत.