केटी न देता गेलेली माणसं

दिवाळीत बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. आज्जीच्या पत्र्याच्या पेटीत एक पिवळा पडलेला कागद सापडला. सगळं उर्दूत, खाली शिक्का. वादातल्या जमिनीचा असेल म्हणून वडील तो घेऊन कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने कागद उलटा धरला, मग सुलटा धरला, आणि म्हणाला, "काका, हे इथं कुणाला वाचता येतंय?"

वडील चिडले. मला मात्र आमचा एक जुना प्रोजेक्ट आठवला. कोड लिहिणारे सोडून गेलेले, डॉक्युमेंट नाही, केटी नाही आणि सिस्टिम तर चालू ठेवायचीय!

बीडच्या कचेरीचंही असंच झालंय, आणि तेही एकदा नाही. सालारजंग पहिला हा 1853 ते 1883 निजामाचा दिवाण. 1865 च्या जिल्हाबंदीत त्याने जिल्हे पाडले, त्यावर तालुकदार नेमले. (तालुकदार म्हणजे आताचा कलेक्टर, तालुक्याचा माणूस नव्हे. मीही फसलो होतो.) नवं राज्ययंत्र चालवायला शिकलेली माणसं कमी, म्हणून त्याने उत्तर हिंदुस्थानातून मागवली. आजच्या भाषेत लॅटरल हायरिंग. मोहसिन-उल-मुल्क, विकार-उल-मुल्क ही मंडळी 1870 च्या दशकात अशीच आली. स्थानिक चिडले आणि 'मुल्की - गैरमुल्की' हा वाद जो सुरू झाला तो पुढे ऐंशी वर्षं पुरला.

1884 च्या सुमारास कारभाराची भाषा फारसीची उर्दू झाली. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, माध्यम उर्दू. त्याच्या आधीच भाषांतराचं एक खातं काढून पदार्थविज्ञानापासून कायद्यापर्यंतच्या उर्दू संज्ञा पाडायला घेतल्या होत्या. खरं सांगतो, हे वाचून मी थक्क झालो. आधी शब्द, मग पुस्तकं, मग पदवीधर, मग अधिकारी. मनुष्यबळाचं इतकं लांबचं प्लॅनिंग आमच्या कंपनीत कुणी करत नाही. पण मराठवाड्यातल्या मराठी पोराला सरकारी नोकरी हवी तर आधी परकी भाषा शिका, ही त्यातली गोम. रयतेला स्वतःचा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागे. प्लॅन उत्तम, पण कुणासाठी?

मग 13 ते 17 सप्टेंबर 1948, पोलीस अ‍ॅक्शन. रझाकारांच्या जाचातून लोक सुटले, याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण कचेऱ्यांत काय झालं ते शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. अनेक मुसलमान अधिकाऱ्यांना घरी बसवलं, काही पाकिस्तानात गेले. जागा भरायला मुंबई, मद्रास, मध्य प्रांतातून माणसं आली. पुन्हा लॅटरल! पुन्हा तेच भांडण - 1952 साली हैदराबादेत गैरमुल्कींविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार झाला. 1953 च्या नागपूर करारात मराठवाड्याला नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा द्यायचं लिहिलं गेलं. 1956 साली बीड मुंबई राज्यात आलं.

माणसं बदलली, भाषा बदलली. दप्तर तेच राहिलं. त्यात उर्दू, त्यात फारसी, आणि गावपातळीवर मोडी.

बिल आलं 2023 मध्ये. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सप्टेंबरात न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली. रुमाल सुटले आणि वाचणारे मिळेनात. मोडीचे, उर्दूचे जाणकार बाहेरून बोलवावे लागले. हजारो घरांचं भवितव्य त्या अक्षरांत अडकलेलं, आणि ती वाचायचं काम कुणाच्याच पदाच्या कर्तव्यसूचीत नव्हतं.

असो. आमचा कागद शेवटी गावाजवळच्या एका निवृत्त उर्दू मास्तरांनी वाचला. दहा मिनिटांत. सारा भरल्याची पावती, साल फसली 1343. "590 मिळवायचे बेटा, म्हणजे 1933," ते म्हणाले. पणजोबांचं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं तेव्हा वडील एकदम गप्प झाले. जमिनीच्या वादाला त्या पावतीचा काही उपयोग नाही, ते वेगळं.

चहा पिताना मी विचारलं, तुमच्याकडे हे शिकायला कुणी येतं का? त्यांनी नातवाकडे बोट दाखवलं. तो पुण्यात जावा शिकतोय.

पेटीत अजून दोन कागद आहेत, त्यातला एक मोडीत. मास्तरांना मोडी येत नाही, आणि ते 81 वर्षांचे आहेत. संक्रांतीला पुन्हा जातोय.