जपानी व्हॉलीबॉलच्या खालच्या लीगमध्ये नुसतं जिंकून का भागत नाही?

‘हायक्यू’ मांगा शेवटपर्यंत वाचलेल्यांना त्सुकिशिमा आठवत असेल. (न वाचलेल्यांनी हा परिच्छेद सोडा!) कागेयामा थेट पहिल्या विभागात खेळतो. त्सुकिशिमा मात्र दुसऱ्या विभागातल्या सेंदाई फ्रॉग्जकडून खेळतो आणि सोबत म्युझियममध्ये नोकरी करतो. हा संघ काल्पनिक आहे, पण नोकरी सांभाळून खेळणं अगदी खरं. टोकियो पोलिसांच्या ‘फोर्ट फायटर्स’ संघात तर ड्युटीवरचे पोलिसच खेळतात.

व्ही.लीग १९९४ मध्ये सुरू झाली. २०१८ च्या फेररचनेत पुरुषांचे व्ही१, व्ही२, व्ही३ असे तीन विभाग झाले, महिलांचे दोन. व्ही२ मधून वर जायचं तर व्ही१ च्या तळातल्या संघाला ‘चॅलेंज मॅच’मध्ये हरवावं लागायचं. पण त्यासाठी आधी हातात परवाना हवा. सामन्यांसाठी पुरेसं मोठं स्टेडियम, आर्थिक ताकद, ज्युनिअर संघ, हे सगळं तपासलं जायचं. परवाना नसेल तर व्ही२ जिंकूनही संघ तिथेच.

एवढी कडक अट कशाला? कारण बरेच संघ कंपन्यांचे. कंपनीने हात आखडता घेतला की संघच संपतो. एनईसीचा नावाजलेला पुरुष संघ २००९ मध्ये असाच बंद झाला.

होक्काइदोतल्या असाहिकावा शहराचा ‘व्होरियास’ हा क्लब मात्र कोणत्याही कंपनीचा नाही. २०१६ मध्ये स्थापना, मग व्ही३ जिंकून व्ही२ मध्ये. २०१९-२० ला नेमकी कोरोनामुळे चॅलेंज मॅचच रद्द झाली! मैदानात न हरता संघ खालीच राहिला. अखेर २०२३ मध्ये ओइता मियोशीला हरवून त्यांनी व्ही१ गाठली.

ऑक्टोबर २०२४ पासून सर्वोच्च लीगचं नाव ‘एसव्ही.लीग’ आहे. व्होरियास तिथे आहे, ओइता मियोशी नाही. ‘व्ही.लीग’ हे जुनं नाव आता दुसऱ्या पातळीला दिलंय. त्यामुळे जुना व्हिडिओ शेअर करताना साल नक्की बघा: २०२४ च्या आधीचा ‘व्ही.लीग चॅम्पियन’ देशातला अव्वल संघ असू शकतो, नंतरचा नाही.