मोहीनचे घोडे

काही कलावंतांना श्रोते तत्काळ लाभतात; काहींना त्यांची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. कलकत्त्याचा ‘मोहीनेर घोडागुली’ हा रॉक वाद्यवृंद दुसऱ्या पंक्तीतला. १९७५ साली गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांचे सोबती यांनी तो उभारला. ‘मोहीनचे घोडे’ हे नाव जीवनानंद दास यांच्या एका कवितेतले. नक्षलवादी चळवळीच्या वादळातून गौतम स्वतः गेले होते. गिटारच्या साथीला बाउलांचे लोकसूर घेऊन महानगरातील तरुणांची अस्वस्थता साध्या बंगालीत गावी, हा या मंडळींचा संकल्प. १९७७ ते १९७९ या काळात त्यांच्या तीन ध्वनिमुद्रिका निघाल्या; परंतु रवींद्रसंगीत आणि चित्रपटगीते यांत रमलेल्या रसिकांना हा स्वर परका वाटला. लवकरच वृंद विखुरला.

१९९५ साली गौतमांनी नव्या गायकांना हाताशी धरून एक गीतसंग्रह काढला. त्याचे नाव ‘आबार बोछोर कुडी पोरे’, म्हणजे ‘पुन्हा वीस वर्षांनी’. या वेळी तरुणांनी तो उचलून धरला. १९९९ साली गौतम निवर्तले. त्याच संग्रहातील ‘पृथिबी’ची चाल २००६ साली ‘गँगस्टर’ या चित्रपटातील ‘भीगी भीगी’ या गीतातून हिंदी श्रोत्यांपर्यंत पोहोचली. ज्या नगरीने या घोड्यांना प्रथम ओळखले नाही, तीच आज बंगाली रॉकची वंशावळ त्यांच्यापासून सांगते.