सात सिलिंडरांचं विमान

कल्पना करा, ऑगस्ट 1941. सांगलीजवळच्या माधवनगरहून टांग्याने मिरज गाठलंत, आता मीटरगेजच्या गाडीत बसला आहात. बेळगाव, लोंडा, हुबळी, हरिहर मागे पडतात. इंजिनाची काजळी कपड्यांवर बसते. खिशात एका जुन्या विमानाचा काळापांढरा फोटो आहे. खाली नाव नाही, शेपटीवरचा नंबर पुसट. मित्रांनी बघताक्षणी ‘हार्वर्ड’ हे प्रशिक्षण विमान म्हटलं. तुम्हाला ते पटलं नाही, म्हणून हा प्रवास.

बंगळूर येतं. शहराबाहेर म्हैसूर संस्थानाने दिलेल्या 700 एकरांवर हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना उभा राहतोय. कंपनीची नोंदणी झाली 23 डिसेंबर 1940 ला. अजून वर्षही झालेलं नाही. युद्ध चालू आहे आणि शेडमध्ये रिव्हेट ठोकल्याचा आवाज थांबत नाही. पुढे उन्हात ते उभं आहे. तुमच्या फोटोतलंच.

घाई करू नका. आधी पंख बघा. एकच जोडी, धडाच्या खालून निघालेली. मध्ये ना दांडे, ना तारा. म्हणजे दुपंखी टायगर मॉथ बाद. बसायच्या जागा दोन, एकामागे एक, वर लांबलचक काचेचं छत. चाकं पंखांत दुमडणारी. इथवर हार्वर्डही जुळतं, मित्र इथेच फसले. आता नाकासमोर उभे राहा, इंजिनाच्या झाकणाच्या तोंडातून आत डोकावा आणि सिलिंडर मोजा. सात! हार्वर्डच्या वास्प इंजिनाला नऊ असतात आणि ताकद सुमारे 600 अश्वशक्ती. याचं इंजिन वॉर्नर सुपर स्कॅरब, जेमतेम त्याच्या पाव ताकदीचं. धडही त्याच मानाने लहान.

हे हार्लो पीसी-5. मॅक्स हार्लो हे कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना ज्युनिअर कॉलेजचे शिक्षक. त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून पहिलं विमान बांधलं, ते 1937 मध्ये उडालं. हे त्याच घराण्यातलं. सोलापुरात जन्मलेल्या उद्योगपती वालचंद हिराचंदांना 1939 मध्ये अमेरिकेच्या विमानप्रवासात विमानांच्या व्यवसायातले अमेरिकी विल्यम पॉली भेटले आणि त्या ओळखीतून हा कारखाना आला. सुटे भाग समुद्रापलीकडून आले, जुळणी मात्र इथे झाली. या कारखान्यातून बाहेर पडणारं हे पहिलं विमान.

पुढल्याच वर्षी सरकार कारखान्याचा ताबा घेईल. 1947 मध्ये तुमच्या सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय निघेल आणि 1955 पासून ते वालचंदांचं नाव लावेल. तिथे शिकलेली कितीतरी मुलं आज माधवनगरात तुमच्या आसपास राहतात. त्यांना हे विमान माहीत असायला हवं.

‘हार्वर्ड’ म्हणून फोटो बाजूला ठेवला, की या माळावर राबलेले सगळे हात हिशेबातून वजा होतात. बरोबर नाव लावलं, की त्यांचं श्रेय त्यांना मिळतं. म्हणून अनोळखी फोटो हाती आला की आधी पंख, मग चाकं, मग इंजिन बघा. सिलिंडर दिसत असतील तर ते मोजल्याशिवाय नाव उच्चारू नका.