ऐंशीच्या घरातला गिटारवाला

एप्रिल २०१४. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातलं पीबॉडी ऑपेरा हाउस. बी. बी. किंगचा कार्यक्रम होता आणि किंग तेव्हा ८८ वर्षांचा होता. तो खुर्चीत बसून बोलत राहिला. मध्येच गिटारवर दोनचार सूर वाजवून थांबला. सगळ्यांना पाठ असलेलं एक सोपं गाणं लोकांकडून कितीतरी वेळ म्हणवून घेत राहिला. काही जण चिडून ओरडले, काही उठून गेले. नंतर त्याच्या माणसांनी दिलगिरी व्यक्त केली. लांबच्या प्रवासाचा शीण होता आणि मधुमेहाच्या औषधाचा एक डोस चुकला होता, असं कारण दिलं गेलं.

याच माणसाचा ‘लाइव्ह अ‍ॅट द रीगल’ हा अल्बम २१ नोव्हेंबर १९६४ला शिकागोच्या एका थिएटरात ध्वनिमुद्रित झाला. किंग तेव्हा ३९ वर्षांचा होता. समोरचे प्रेक्षक किंचाळतायत, तो एक सूर वाजवतो, थांबतो, आणि त्या थांबण्यावर लोक पुन्हा किंचाळतात. लाइव्ह ब्लूज म्हणजे काय, हे सांगायला आजही आधी हाच अल्बम ऐकवला जातो.

या दोन रात्रींमध्ये पन्नास वर्षं आहेत. म्हातारे झालेले ब्लूज-रॉक गिटारवादक स्टेजवर अजून चमकतात का, असं कुणी विचारलं तर सेंट लुईसकडे बोट दाखवून ‘नाही’ म्हणणं अगदी सोपं आहे. पण ते उत्तर अपुरं आहे. कुणाची चमक टिकली, कुणाची गेली आणि का, हे पाहायचं तर या संगीताचं म्हातारपणाशी असलेलं विचित्र नातं आधी समजून घ्यायला हवं.

म्हातारा हवा की तेविशीतला?

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या शेतमजुरांचं संगीत. १९२०-३०च्या दशकांत त्याच्या तबकड्या निघाल्या, मग मंदी आली आणि कितीतरी वादक विस्मरणात गेले. १९६०च्या सुमारास शहरातल्या गोऱ्या तरुणांना त्या जुन्या तबकड्यांचं वेड लागलं आणि ते चक्क माणसं शोधायला निघाले. १९६३मध्ये टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुणाने मिसिसिपी जॉन हर्टला शोधून काढलं. धागा एवढाच होता की हर्टच्या एका जुन्या गाण्यात अ‍ॅव्हलॉन या गावाचं नाव होतं. हर्ट सत्तरीचा होता आणि त्याच गावाजवळ राहत होता. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या मोठ्या लोकसंगीत महोत्सवात वाजवत होता.

पुढच्या वर्षी सन हाउस सापडला, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये. त्याने कित्येक वर्षांत गिटारला हात लावला नव्हता. स्वतःचीच गाणी त्याला नीट आठवेनात. मग अ‍ॅल विल्सन नावाचा विशीतला पोरगा त्याच्यासमोर बसला. त्याला हाउसच्या जुन्या तबकड्या तोंडपाठ होत्या. त्याने वाजवून दाखवायचं, मग म्हाताऱ्याच्या हातांना आठवायचं. हाच विल्सन पुढे ‘कॅन्ड हीट’ या ब्लूज-रॉक बँडमध्ये गाजला.

या श्रोत्यांना म्हातारपण खटकत नव्हतं. उलट फाटलेला आवाज आणि सुरकुतलेला हात हा त्यांच्या लेखी अस्सलपणाचा पुरावा होता.

त्याच वर्षांत लंडनमध्ये मात्र वेगळंच घडत होतं. एरिक क्लॅप्टन, जेफ बेक, पीटर ग्रीन ही पोरं हाच ब्लूज मोठमोठ्या अँपवर, कानठळ्या बसतील इतक्या आवाजात आणि लांबलचक सोलो घेत वाजवू लागली. क्लॅप्टनच्या ‘क्रीम’ने रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम केला तो २६ नोव्हेंबर १९६८ला. क्लॅप्टन तेव्हा २३ वर्षांचा होता. पीटर ग्रीनने १९७०मध्ये ‘फ्लीटवुड मॅक’ सोडला तेव्हा तोही २३चाच. निरोप घेण्याचं वय तेवीस! रॉकने तारुण्य विकलं आणि खूप विकलं.

ब्लूज-रॉक वाजवणारा माणूस या दोन अपेक्षांच्या कात्रीत सापडलेला असतो. त्यातल्या ब्लूजला तो म्हातारा हवा असतो आणि रॉकला तो कायम तेविशीतला हवा असतो.

हातातून काय जातं, काय राहतं

वय झालं की बोटांचा वेग आधी कमी होतो. सांधे आखडतात, ऐकू कमी येतं, तासभर उभं राहणं जड जातं. क्लॅप्टनने २०१६मध्ये सांगितलं की मज्जातंतूंच्या विकारामुळे त्याला गिटार वाजवणं कठीण झालं आहे. त्यानंतरही तो वाजवत राहिला, पण त्याच्या कार्यक्रमांची मांडणी नीट बघा. मध्ये बसून अकूस्टिक गिटार वाजवण्याचा एक भाग असतो. शेजारी डॉयल ब्रॅमहॉलसारखा दुसरा तयारीचा गिटारवादक असतो आणि सोलो वाटून घेतले जातात. ‘क्रीम’मध्ये तिघांनी मिळून उचललेलं ओझं आता मोठा बँड उचलतो.

पण सगळंच जात नाही. सतारीतली मींड तुम्हाला माहीत असेल, तार आडवी ओढून सूर चढवायचा. ब्लूज गिटारचा जीव त्यातच आहे. तार किती ओढायची, चढलेल्या सुरावर किती रेंगाळायचं, पुढचा सूर किती उशिरा वाजवायचा, याला वेग लागत नाही. कान आणि संयम लागतो, आणि तो वयाबरोबर वाढूही शकतो.

बी. बी. किंगचं वादन तर पहिल्यापासून याच पायावर उभं होतं. त्याचा नातलग बुका व्हाइट तारेवर धातूची नळी घासून ‘स्लाइड’ वाजवायचा. किंगला तो आवाज फार आवडे, पण नळी काही जमेना. म्हणून त्याने सुरावर ठेवलेलं बोटच मनगटातून थरथरवायला सुरुवात केली. तो कंप पुढे त्याची ओळख झाला. गाता गाता वाजवणंही त्याला जमत नसे, म्हणून तो एक ओळ गाई आणि गिटार तिला उत्तर देई. म्हणजे जे जमत नव्हतं त्याच्याभोवती त्याने शैली बांधली होती, आणि तिच्यात श्वास घ्यायला भरपूर जागा होती.

‘झीझी टॉप’चा बिली गिबन्स एक किस्सा सांगतो. किंगने त्याची गिटार हातात घेतली आणि विचारलं, एवढ्या जाड तारा लावून उगाच कष्ट कशाला? तेव्हापासून गिबन्स अगदी बारीक तारांवर आला. सत्तरीतही त्याचा गिटारचा आवाज भरदार लागतो. त्यामागे हा साधा हिशेब आहे: जोर अँपने लावायचा, बोटांनी नाही.

जेफ बेकचं उदाहरण याहून पुढचं आहे. १९८०च्या दशकात त्याने तार छेडायची पट्टी, म्हणजे पिक, जवळजवळ सोडून दिली. अंगठा, गिटारवरचा कंपनाचा दांडा आणि आवाजाचं बटण, एवढ्यावर तो सूर गाऊन घेऊ लागला. नोव्हेंबर २००७मध्ये लंडनच्या रॉनी स्कॉट्स या छोट्या क्लबमध्ये त्याने आठवडाभर कार्यक्रम केले. तो ६३ वर्षांचा होता आणि शेजारी टॅल विल्कनफेल्ड ही जेमतेम विशीची मुलगी बास वाजवत होती. हे ध्वनिमुद्रण त्याच्या तरुणपणच्या कुठल्याही लाइव्ह अल्बमशेजारी ठेवा. साठीनंतरचा बेक जास्त मोकळा, जास्त धाडसी आणि जास्त हळवा आहे. जानेवारी २०२३मध्ये वयाच्या ७८व्या वर्षी तो गेला, त्याच्या काही महिने आधीपर्यंत दौऱ्यावर होता.

जॉनी विंटर: वेग गेल्यावर

मग ज्याची सगळी ओळखच वेगाची होती, त्याचं काय? टेक्सासचा जॉनी विंटर असा होता. १९६९च्या वुडस्टॉकमध्ये पांढऱ्याशुभ्र केसांचा हा पंचविशीतला पोरगा वीज कडाडावी तसा वाजवत होता. १९७७मध्ये त्याने मडी वॉटर्सचा ‘हार्ड अगेन’ हा अल्बम निर्माता म्हणून घडवला आणि साठी ओलांडलेल्या मडीला पुन्हा उजेडात आणलं.

पुढे त्याच्यावरच तशी वेळ आली. हेरॉइनचं व्यसन, ते सोडवण्यासाठी घेतलेल्या मेथाडोनची वर्षानुवर्षांची सवय, खंगलेलं शरीर. २०००नंतर काही वर्षं तो स्टेजवर कसाबसा बसलेला असे. त्या काळात ज्यांनी तिकीट काढलं, त्यांची निराशा खरी होती. पॉल नेल्सन हा त्याच्या बँडमधला गिटारवादक. त्याने जॉनीची सगळी व्यवस्था हातात घेतली, औषधाचं प्रमाण हळूहळू कमी करत शेवटी बंद केलं, खाणंपिणं, झोप मार्गी लावली. जॉनी पुन्हा वाजवू लागला. बसूनच, पूर्वीपेक्षा कमी वेगाने, पण शुद्धीत आणि आनंदात.

१४ जुलै २०१४ला फ्रान्समधल्या काऑर्सच्या ब्लूज महोत्सवात तो वाजवला. दोन दिवसांनी स्वित्झर्लंडमध्ये हॉटेलच्या खोलीत त्याचा मृत्यू झाला. वय ७०. त्यानंतर आलेल्या ‘स्टेप बॅक’ या अल्बमला ग्रॅमी मिळालं.

त्याचा पडता काळ वयामुळे आला नव्हता. साठीतला जॉनी सत्तरीतल्या जॉनीपेक्षा वाईट वाजवत होता! म्हणून ‘म्हातारा झाला, संपला’ असं म्हणण्याआधी त्याच्या अवतीभवती कोण आहे आणि त्याची काळजी कोण घेतंय, हेही विचारायला हवं.

वॉल्टर ट्राउट हा असाच आणखी एक. २०१४मध्ये त्याचं यकृत निकामी झालं, प्रत्यारोपण करावं लागलं. वाचला, पण गिटार वाजवताच येईना. त्रेसष्टाव्या वर्षी त्याने पहिल्यापासून सराव सुरू केला आणि जून २०१५मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलच्या स्टेजवर उभा राहिला.

वांद्र्यात आलेला म्हातारा

‘सिनर्स’ किंवा त्याआधी मुंबईचा ब्लूज महोत्सव पाहिला असेल, तर पुढचा माणूस तुमच्या ओळखीचा आहे. २०२५च्या ‘सिनर्स’मध्ये शेवटी म्हातारा सॅमी दिसतो, तोच हा. त्याचं नाव बडी गाय. मराठीत लिहिलं की आडनावाचं हसू येतं, म्हणून नुसतं बडीच म्हणू या.

जन्म १९३६, लुइझियाना. १९५७मध्ये शिकागोला आला. आईला सांगून निघाला होता की पुष्कळ पैसे कमवीन आणि ठिपक्याठिपक्यांच्या कॅडिलॅकमधून परत येईन. ती थाप होती हे त्यालाही माहीत होतं. आई गेली आणि ठिपके त्याच्या गिटारवर आणि शर्टांवर कायमचे आले. लांबच लांब वायर लावून प्रेक्षकांत शिरायचं, टॉवेलने किंवा ड्रमच्या काठीने गिटार वाजवायची, हे त्याचे जुने खेळ.

२०११मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला तेव्हा तो ७४ वर्षांचा होता. २०२३मध्ये तिथेच पुन्हा वाजवायला आला तेव्हा ८६. त्याच वर्षी त्याचा निरोपाचा दौरा होता. तक्रारीला जागा त्याच्याही वादनात आहे. तो गाणं अर्ध्यात सोडतो, गोष्टी सांगत बसतो, मध्येच दुसऱ्या कुणाच्या तरी नकला करतो. पण या खोड्या त्याला पन्नाशीतही होत्या. आणि मग अचानक तो बँडला हळू व्हायला लावतो, एकच सूर अगदी कुजबुजल्यासारखा वाजवतो आणि हजार लोकांची खोली गप्प होते. हे ऐंशीनंतरही त्याला येत होतं.

थांबायचं कधी, आणि सांगायचं कुणी

आता परत किंगकडे. एवढी सोसणारी शैली असूनही सेंट लुईसला तो का कोसळला? कारण शेवटी बोटांच्या आधी शरीर आणि भान साथ सोडतं. मग त्याला थांबवलं का नाही कुणी?

किंगने १९५६ या एका वर्षात ३४२ कार्यक्रम केले होते. २००६मध्ये त्याने युरोपात निरोपाचा दौरा केला आणि तीन वर्षांत पुन्हा तिथे हजर झाला. २०११मध्ये ग्लास्टनबरीत वाजवला. लहानपणी कापसाच्या शेतात राबलेल्या माणसाला निवृत्ती ही कल्पना परकी असते, काम थांबलं की माणूस संपला. शिवाय बँडमधल्या लोकांची घरंही त्याच्या दौऱ्यांवर चालतात. ३ ऑक्टोबर २०१४ला शिकागोत त्याची तब्येत बिघडली, उरलेले कार्यक्रम रद्द झाले आणि १४ मे २०१५ला तो गेला.

त्याच्या हट्टात लोभ किती आणि प्रेम किती, हे बाहेरून ठरवता येणार नाही. पण ज्याने तिकिटाचे पैसे दिले त्यालाही तक्रारीचा हक्क आहे. आदर म्हणजे वाईट कार्यक्रमाला चांगलं म्हणणं नव्हे. एवढंच करावं की एका वाईट रात्रीची मिनिटभराची क्लिप फॉरवर्ड करून माणसाचा हिशेब मिटवू नये. ज्या संगीतात थांबण्याला सुराइतकी किंमत आहे, ते मिनिटभरात कळतही नाही.

तर मग ते चमकतात का? जो स्वतःच्या तेविशीची नक्कल करत नाही, हाताशी जे उरलंय त्यातून वाजवतो आणि ज्याच्याभोवती त्याची काळजी घेणारी माणसं आहेत, तो चमकतो. कधी कधी तर पूर्वीपेक्षा जास्त. पण रोज रात्री नाही, आणि कायम तर नाहीच. आज रात्री हेडफोन लावून रीगलचा १९६४चा अल्बम पूर्ण ऐका आणि त्यामागोमाग बेकचं २००७चं रॉनी स्कॉट्स. आणि ऐंशीच्या घरातला कुणी गिटारवाला तुमच्या शहरात आलाच, तर पुढच्या वर्षी बघू म्हणू नका.