शास्त्रज्ञाची बर्थ

सानपाड्याहून पाम बीच रस्त्याला लागलं की बेलापूरच्या अलीकडे, करावे गावापाशी ‘टी. एस. चाणक्य’ ही संस्था आहे. व्यापारी जहाजांवरचे अधिकारी इथे तयार होतात. ‘डफरिन’ (१९२७) आणि ‘राजेंद्र’ (१९७२) ही तिची आधीची रूपं खरीखुरी जहाजं होती. मुलं त्यांवरच राहायची, शिकायची. जहाजावरचा दिवस वॉचमध्ये मोजतात: चार तास काम, आठ तास सुटका, पुन्हा चार तास काम. संशोधन जहाजावर गेलेला शास्त्रज्ञही याच हिशेबाने उठतो नि झोपतो. खलाशाची जागा मात्र जहाजावर मुळापासून ठरलेली होती. शास्त्रज्ञाची नव्हती. त्याला पाठ टेकायला बर्थ मिळाली ती बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाची जागा रिकामी करून.

‘बीगल’वर (१८३१–३६) डार्विनला स्वतंत्र खोली नव्हती. जेमतेम सव्वातीन मीटरच्या केबिनमध्ये नकाशे काढायचं भलंमोठं टेबल होतं आणि त्याच्यावर त्याचा झुला टांगलेला. उंच माणूस, पाय मावेनात म्हणून रोज रात्री कपाटाचा वरचा खण काढून ठेवायचा. पुढे १८७२मध्ये ‘चॅलेंजर’ निघालं तेव्हा या युद्धनौकेच्या दोन वगळता बाकीच्या तोफा उतरवल्या गेल्या, तेव्हा कुठे प्रयोगशाळा आणि शास्त्रज्ञांच्या केबिनी बसल्या. समुद्रविज्ञानाची सुरुवात तोफांच्या रिकाम्या जागेत झाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडची पहिली जागा डॉक्टरची. मुंबईच्या गोदीत बांधलेलं ‘इन्व्हेस्टिगेटर’ (१८८१) हे लाकडी, चाकांचं आगबोट-जहाज सागरी सर्वेक्षणासाठी होतं. त्यावर ‘सर्जन-नॅचरलिस्ट’ नावाचं एक पद असे. आजारी खलाशांना औषधं द्यायची आणि सर्वेक्षणातून सवड मिळेल तेव्हा समुद्रतळाशी जाळं सोडायचं. आल्फ्रेड अल्कॉकने ही दोन्ही कामं केली आणि १९०२मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पावसाळ्यात जहाज थांबे आणि नमुन्यांचा अभ्यास कलकत्त्याच्या संग्रहालयात चाले.

१९६२ ते ६५च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत आपल्या शास्त्रज्ञांनी ‘आयएनएस किस्तना’ या युद्धनौकेवर संसार मांडला. त्याच मोहिमेत १९६३ साली मुंबईत आलेलं ‘अँटोन ब्रून’ हे अमेरिकी जहाज एकेकाळी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची नौका होतं. मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचं मुख्यालय गोव्यात दोनापावलाला आहे. संस्थेला १९७६मध्ये ‘गवेषणी’ मिळाली, तीसुद्धा मूळची गाळ वाहणारी बार्ज! तिच्याच डेकवर २६ जानेवारी १९८१ला समुद्रतळावरचे बहुधातू गोळे आले. असे गोळे ‘चॅलेंजर’नेही वर काढले होते.

पश्चिम जर्मनीत बांधलेलं ‘सागर कन्या’ १९८३मध्ये आलं आणि चित्र पालटलं. शंभर मीटर लांबी, तीसेक शास्त्रज्ञांची सोय, प्रयोगशाळा आराखड्यातच. अशा जहाजावरचं राहणं कामाभोवती रचलेलं असतं. चार हजार मीटर खोलीवरचं पाणी आणायचं तर सेकंदाला मीटरभर वेगाने तार सोडायला आणि ओढायला दोन-अडीच तास जातात. ती पहाटे तीनलाही वर येते. म्हणून वॉच, म्हणून मध्यरात्री कामावर चढणाऱ्यांसाठी खानावळीत काहीतरी खायला ठेवावं लागतं, आणि म्हणून दिवसा झोपलेल्याच्या केबिनबाहेर कुणी मोठ्याने बोलत नाही. बर्थला कठडा असतो, टेबलाच्या कडा उचललेल्या असतात, ताटं सरकू नयेत म्हणून टेबलावर ओला कपडा अंथरतात. प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये खाण्याचा डबा ठेवायचा नाही, हा नियम कडक. तिथे रसायनं आणि नमुने असतात.

बायकांना ही बर्थ आणखी उशिरा मिळाली. वेगळं न्हाणीघर नाही, ही सबब अमेरिकेतल्या नामांकित संस्थांनीही वर्षानुवर्षं पुढे केली. नागपूरला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या डॉ. अदिती पंत डिसेंबर १९८३मध्ये डॉ. सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर ‘फिनपोलारिस’वरून अंटार्क्टिकाला निघाल्या, तिथे गेलेल्या या पहिल्या भारतीय स्त्रिया. ती सबब किती पोकळ होती, ते यातूनच कळतं.

पुढे ‘सिंधु साधना’ (२०१४) सुरतेला बांधलं गेलं: लांबी ऐंशी मीटर, शास्त्रज्ञांसाठी २९ बर्थ. मोहिमेला कोण जाणार आणि कोण किनाऱ्यावर राहणार, हे आजही याच आकड्यावर ठरतं. त्यामुळे जुलै २०२४मध्ये वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीशी नव्या जहाजाचा करार केला, तेव्हा त्यात शास्त्रज्ञांसाठी किती बर्थ आहेत हेच मी आधी शोधलं.